लिथुआनियाचा संगीतकार चुर्ल्योनिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, चुर्ल्योनिस कोण?

लिथुआनियाचा पहिला मोठा संगीतकार आणि त्याच देशाचा सगळ्यात नावाजलेला चित्रकार. पूर्ण नाव मिकालोयुस कॉन्स्टान्तिनस चुर्ल्योनिस. जन्म २२ सप्टेंबर १८७५, मृत्यू १० एप्रिल १९११. उणीपुरी पस्तीस वर्षं. त्यातली चित्रकलेची वर्षं जेमतेम सहा-सात, संगीत मात्र लहानपणापासून जवळजवळ अखेरपर्यंत. तरीही जगभर तो ओळखला जातो चित्रांमुळे. या पानावर मुद्दाम उलटा क्रम घेतला आहे: आधी संगीत, मग चित्रं. तो रीतसर शिकलेला संगीतकार होता हे एकदा डोक्यात पक्कं बसलं, की त्याच्या चित्रांबद्दल पसरलेलं बरंचसं धुकं आपोआप विरतं.

नाव कसं म्हणायचं?

‘चुर्ल्योनिस’, ‘ल्यो’ किंचित लांबवून. जुन्या पोलिश आणि रशियन कागदपत्रांत नावाची वेगवेगळी रूपं आढळतात. माणूस एकच.

तो लिथुआनियन होता की पोलिश?

या प्रश्नावर अजून भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

तो जन्मला तेव्हा नकाशावर ना लिथुआनिया होता ना पोलंड. त्याच्या जन्मगावाचा सगळा मुलूख रशियाच्या झारकडे होता. वडील लिथुआनियन, आई जर्मन वंशाची, आणि घरात बोलायची भाषा पोलिश. त्या भागातल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांत हे सर्रास होतं. त्यात १८६४ ते १९०४ या काळात लॅटिन लिपीत लिथुआनियन पुस्तकं छापायला सरकारची बंदी होती. प्रार्थनेची पुस्तकंसुद्धा शेजारच्या जर्मन मुलखातून, प्रशियातून, चोरून आणावी लागत. बंदी उठली तेव्हा चुर्ल्योनिस २८ वर्षांचा होता आणि वॉर्सात चित्रकला शिकत होता.

यानंतर तो हळूहळू लिथुआनियन चळवळीकडे ओढला गेला. १९०६ च्या सुरुवातीला भावाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की आजवरचं आणि यापुढचं आपलं सगळं काम लिथुआनियाला वाहायचं ठरवलं आहे, आणि आपण भाषाही शिकतो आहोत. म्हणजे ज्या भाषेच्या राष्ट्राचा तो आज मानबिंदू आहे, ती भाषा तो मोठेपणी शिकला. पुढे बायको सोफिया हिने ती त्याच्याकडून पक्की करून घेतली, तरी तिला पत्रं लिहिताना तो पोलिशमध्येच लिही. माझ्या मते यात विसंगती काही नाही. राष्ट्र निवडणं हीसुद्धा त्या पिढीने केलेली एक कृती होती, आणि त्याने ती उघडपणे केली.

घरचं वातावरण कसं होतं?

जन्म दक्षिण लिथुआनियातल्या सेनोयी वारेना गावचा. तो लहान असतानाच कुटुंब नेमुनास नदीकाठच्या द्रुस्किनिन्काइ या खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी राहायला गेलं. वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. नऊ भावंडांत हा थोरला. पैसा बेताचा, पण घरात वाद्य होतं आणि रविवारी चर्चमध्ये वडिलांच्या शेजारी बसायला जागा होती. शाळेत जायच्या वयात तो ऐकलेलं वाजवू लागला होता.

धाकटी बहीण यद्विगा पुढे लोकसंगीताची मोठी अभ्यासक झाली. भावाच्या आठवणी तिने लिहून ठेवल्या. घरातल्या चुर्ल्योनिसबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळ तिच्यामुळे.

संगीताचं शिक्षण कुठे झालं?

तीन टप्प्यांत. पहिला प्लुंगे इथला. प्रिन्स मिकोलास ओगिन्स्कीस या सरदाराने आपल्या वाड्यावर वाद्यवृंद आणि त्याला जोडून शाळा चालवली होती. १८८९ मध्ये तेरा वर्षांचा चुर्ल्योनिस तिथे दाखल झाला, वाद्यवृंदात बासरी वाजवू लागला आणि संगीतरचनाही करू लागला. हा प्रिन्स म्हणजे प्रसिद्ध पोलोनेझ (पोलिश नृत्याच्या तालावरची रचना) लिहिणाऱ्या मिखाल क्लेओफास ओगिन्स्कीचा नातू. पुढची कित्येक वर्षं शिक्षणाचा खर्च त्यानेच उचलला.

दुसरा टप्पा वॉर्सा संगीत संस्थेचा, १८९४ ते १८९९. रचनेचे गुरू झिग्मुंट नोस्कोव्स्की. पदवीसाठी त्याने गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी ‘दे प्रोफुंदिस’ हा कांताता लिहिला. उत्तीर्ण झाल्यावर लुब्लिनच्या संगीतशाळेचं संचालकपद चालून आलं. त्याने ते नाकारलं. पोटापाण्याची चिंता असलेल्या माणसाने असं करणं घरच्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा!

तिसरा टप्पा जर्मनीतलं लाइपझिग, १९०१ ते १९०२. कार्ल रायनेके आणि सालोमोन यादासोन हे शिक्षक. दोघंही म्हातारे, काटेकोर आणि जुन्या वळणाचे. चुर्ल्योनिसला ओढ होती बर्लिओझ आणि रिचर्ड श्ट्राउस या धाडसी संगीतकारांची. शहरात ओळखीचं कोणी नाही, जर्मन भाषा तोडकीमोडकी, पैसे मोजून वापरायचे. दिलासा एवढाच की मैफली ऐकायला आणि ग्रंथालयात मोठमोठ्या रचनांच्या स्वरलिपी चाळायला भरपूर मिळालं. फावल्या वेळात चित्रं काढायला त्याने इथेच सुरुवात केली. १९०२ मध्ये यादासोन वारले, त्याच वर्षी प्रिन्सही गेला आणि पैशाचा झरा आटला. तो वॉर्साला परतला आणि शिकवण्या करून दिवस काढू लागला.

त्याच्या वाद्यवृंदासाठीच्या रचना कोणत्या?

मुख्य दोन. ‘मिश्के’ म्हणजे ‘रानात’, १९०० ते १९०१ मधली. कुठल्याही लिथुआनियन संगीतकाराची ही पहिली सिंफनिक रचना मानली जाते. साधारण पंधरा-सोळा मिनिटांची आहे. सुरुवातीचे सुर अगदी हलके, रुंद पसरलेले. पहाटे रानाच्या कडेला उभं राहिल्यासारखं वाटतं. वादळ, शिकार असं नाट्य त्यात फारसं नाही. झाडं आहेत, वारा आहे, आणि कुठेही पोहोचायची घाई नाही.

दुसरी ‘यूरा’ म्हणजे ‘समुद्र’, १९०३ ते १९०७ अशी चार वर्षं रेंगाळलेली. लांबी अर्ध्या तासाहून अधिक, वाद्यवृंद अवाढव्य, शेवटी ऑर्गनसुद्धा. इथे श्ट्राउसचा प्रभाव लपत नाही आणि मधले काही भाग पसरट झाले आहेत, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. पण लाटेवर लाट चढत जाणारे उत्कर्ष खरोखर अंगावर येतात. जिवंतपणी त्याला ही रचना एकदाही ऐकायला मिळाली नाही. पहिला प्रयोग १९३६ मध्ये लिथुआनियातल्या काउनास शहरात झाला, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. लिहिलेला समुद्र त्याने फक्त मनात ऐकला.

याखेरीज ‘केस्तुतिस’ नावाची ओव्हर्चर (वाद्यवृंदाची प्रास्ताविक रचना) आहे, आणि लाइपझिगला लिहिलेली एक स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) आहे. तिचा चौथा भाग हरवला, म्हणून तीनच भाग वाजवले जातात.

खरा चुर्ल्योनिस ऐकायचा तर काय ऐकावं?

पियानो. त्याच्या संगीताचा जीव तिथे आहे.

बहुतेक तुकडे छोटे आहेत, मिनिट-दोन मिनिटांची प्रेल्यूड. सुरुवातीच्या वॉर्सातल्या रचनांत पोलिश संगीतकार शोपँ उघड दिसतो, आणि त्या काळात वॉर्सात शिकणाऱ्या कोणाच्या रचनांत तो दिसला नसता तरच नवल. १९०४ च्या आसपास मात्र काहीतरी बदलतं. डावा हात एक लहानशी आकृती पकडतो आणि ती सोडत नाही. उजवा हात तिच्यावर वेगळ्याच लयीत फिरतो. मधला सूर तिसरीकडे जातो. स्वरांचं घर कोणतं, हे सांगणं कठीण होतं. आलाप ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे तुकडे फार लवकर संपल्यासारखे वाटतात, म्हणून सलग सहा-सात ऐकावेत.

१९०८ चं ‘समुद्र’ नावाचं तीन लहान पियानो रचनांचं आवर्तन इथे आवर्जून सांगतो. वाद्यवृंदाच्या ‘समुद्रा’ला जे अर्ध्या तासात साधलं नाही, ते इथे काही मिनिटांत साधलं आहे, असं माझं मत. शेवटच्या काळातला बी-फ्लॅट मायनर या पट्टीतला फ्यूगही (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत फिरवणारी रचना) ऐकावा. तो कोरडा, कडक आणि दुःखी आहे. त्यात कुठेही लाघव नाही.

नावांच्या अक्षरांवरून त्याने रचना केल्या, हे खरं?

खरं. १९०४ मधल्या एका तालीम-वजा रचनेचं शीर्षक आहे ‘सेफा एसेक’. काही अर्थ लागत नाही ना? पाश्चात्त्य संगीतात सुरांना ए, बी, सी अशी अक्षरांची नावं असतात. स्टेफानिया लेश्क्येविच या नावातली जी अक्षरं जर्मन पद्धतीत स्वरांची नावं म्हणूनही चालतात, ती तेवढी उचलून ओळीने ठेवली की हे शीर्षक तयार होतं. ‘एस’ म्हणजे ई-फ्लॅट, बाकीची अक्षरं आहेत तशी. मग त्या स्वरांच्या ओळीवर त्याने व्हेरिएशन्स, म्हणजे तिचीच बदलती रूपं, लिहिली. अशी आणखीही एक रचना आहे, ‘बेसाकास’, तीही याच युक्तीची.

युक्ती नवी नव्हती. बाखने स्वतःच्या नावावर आणि शुमानने मैत्रिणीच्या नावावर हे करून ठेवलं होतं. नवं होतं ते पुढचं. अशी अपघाताने हाती आलेली स्वरमालिका कुठल्याच नेहमीच्या स्वरसप्तकात बसत नाही, आणि चुर्ल्योनिसने तिला बसवायचा हट्ट धरला नाही. काही अभ्यासकांना यात ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गच्या, ठरावीक स्वरांच्या ओळीवर रचना उभारणाऱ्या स्वरमालिका पद्धतीची चाहूल दिसते. चाहूल म्हणणं ठीक. त्यापुढे जाऊन ‘शोनबर्गच्या आधीच याने शोध लावला’ म्हणणं हा देशाभिमान झाला.

लोकगीतांवर काम केलं का?

केलं. वॉर्सात आणि नंतर विल्नियसला (आजची लिथुआनियाची राजधानी) त्याने लिथुआनियन गायकवृंद चालवले. गायला गाणी हवीत म्हणून लोकगीतांना चार आवाजांची बांधणी करून दिली. १९०९ मध्ये शाळकरी मुलांसाठी अशा गाण्यांचं छोटं पुस्तकही निघालं. ही कामं तो वरवर करत नव्हता. मूळ चालीला धक्का न लावता भोवतीचे आवाज हलवायचे, ही त्याची पद्धत पुढच्या लिथुआनियन संगीतकारांनी उचलली.

मग चित्रकला मध्येच कुठून आली?

लाइपझिगहून परतल्यावर तो आधी वॉर्सातल्या एका चित्रकला वर्गात गेला आणि १९०४ मध्ये नव्याने उघडलेल्या वॉर्सा ललित कला विद्यालयात दाखल झाला. वय २८. सुमारे तीनशे चित्रं लाइपझिगनंतरच्या काळातली. १९०३ ची सात चित्रांची ‘शवयात्रा सिंफनी’, मग तेरा चित्रांची ‘सृष्टीची निर्मिती’, बारा चित्रांचं ‘राशिचक्र’. सुटं चित्र त्याला पुरत नसे; विषय एकापाठोपाठ एक चित्रांतून उलगडायचा, ही सवय थेट संगीतातून आलेली.

‘चित्रातला सोनाटा’ म्हणजे नक्की काय?

सोनाटा या वाद्यरचनेत जसे वेगवेगळ्या गतीचे भाग असतात, तशी तीन-चार चित्रं, आणि त्यांची नावंही अलेग्रो, आंदान्ते, स्केर्त्सो, फिनाले अशीच. १९०७ ते १९०९ दरम्यान सूर्य, वसंत, सर्प, ग्रीष्म, समुद्र, तारे, पिरॅमिड असे सोनाटे त्याने रंगवले.

‘समुद्र सोनाटा’ (१९०८) जवळून पाहू. अलेग्रोमध्ये लाटा ओळीमागून ओळीने येतात, फेसाचे बुडबुडे अंबरच्या (झाडाच्या चिकाचे घट्ट झालेले पिवळे खडे) मण्यांसारखे चमकतात. आंदान्तेमध्ये आपण पाण्याखाली जातो: बुडालेली गलबतं, आणि तळातून वर आलेला एक हात, ज्याच्या पंजावर शिडाचं जहाज. फिनालेमध्ये एक प्रचंड लाट वळून उभी आहे, खाली होड्या काडीसारख्या, आणि लाटेच्या फेसातच चित्रकाराच्या नावाची आद्याक्षरं उमटली आहेत. जपानी होकुसाईची लाट त्याने पाहिली असणार, हे कोणालाही दिसेल. पण गती, संथपणा आणि कळस ही चढण सोनाटाची आहे.

त्याहून पटणारं उदाहरण त्याच वर्षीचं ‘फ्यूग’. आडव्या कागदावर देवदाराची झाडं, लहानमोठी, वेगवेगळ्या उंचीवर, आणि त्यांची उलटी प्रतिबिंबं. फ्यूगमध्ये एकच सुरावट निरनिराळ्या आवाजांत, निरनिराळ्या पट्टीत येते, कधी उलटी होऊनही येते. इथे झाड ही ती सुरावट आहे. संगीताचं व्याकरण माहीत असलेल्या माणसाने शांतपणे केलेली ही मांडणी आहे, झटक्यात सुचलेला चमत्कार नाही.

त्याला म्हणे सूर ऐकले की रंग दिसायचे?

असं सगळीकडे छापलेलं असतं. ठोस पुरावा नाही. वर पाहिलंत त्याप्रमाणे चित्रांत जे आहे ते रचनेचं शास्त्र आहे, आणि ते समजायला मेंदूतल्या विशेष जोडणीची गरज पडत नाही. गोष्ट म्हणून मात्र ती इतकी छान आहे, की मरायला तयार नाही.

रशियन चित्रकार कांदिन्स्कीच्या आधी अमूर्त चित्रं यानेच काढली का?

एस्टोनियन समीक्षक अलेक्सिस रानित यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हा दावा केला आणि कांदिन्स्कीच्या पत्नीने त्याला जोरदार हरकत घेतली. चित्रं पाहा: डोंगर, पाणी, राजे, पक्षी, पूल, सगळं ओळखू येतं. स्वप्नातलं असेल, अमूर्त नाही. ‘पहिला कोण’ या शर्यतीत त्याला उतरवून त्याचं काही भलं झालेलं नाही.

सोफिया कोण?

सोफिया किमान्ताइते, लेखिका, क्राकोला शिकून आलेली, फटकळ आणि कामसू. १९०७ मध्ये विल्नियसला भेट झाली, १ जानेवारी १९०९ ला लग्न. दोघांनी मिळून ‘यूराते’ नावाचा ऑपेरा करायचं ठरवलं होतं: समुद्रदेवी यूराते, कोळी तरुण, वीज पडून फुटलेला अंबरचा महाल. संहिता तिची, संगीत त्याचं. ऑपेरा पुरा झाला नाही.

तिला फक्त ‘बायको’ म्हणून आटोपू नये. नवरा गेल्यावर ती सत्तेचाळीस वर्षं जगली, लिहीत राहिली, स्वतंत्र लिथुआनियाच्या शिष्टमंडळातून राष्ट्रसंघात गेली. नाझी काळात तिने, मुलीने आणि जावयाने ज्यूंना वाचवलं; त्यासाठी पुढे इस्रायलने त्यांचा सन्मान केला.

शेवट कसा झाला?

१९०८ च्या शरदात तो नशीब काढायला सेंट पीटर्सबर्गला गेला. चित्रकार दोबुझिन्स्की याने तिथल्या कलावंतांशी ओळखी करून दिल्या, चित्रं प्रदर्शनात लागली, पियानोच्या रचना वाजल्या. कौतुक झालं, पैसे आले नाहीत. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत उपाशी-अर्धपोटी रात्रंदिवस काम. १९०९ संपता संपता तो मनाने कोसळला. वॉर्साजवळच्या एका आरोग्यभवनात ठेवलं. तिथे न्यूमोनिया होऊन तो गेला. मे १९१० मध्ये जन्मलेली मुलगी दानुते त्याने पाहिलीच नाही.

आजाराला कोणतं आधुनिक नाव द्यायचं, यावर लोक लेख लिहितात. शंभर वर्षांनंतर दुरून केलेल्या निदानाला काय अर्थ? तो थकला होता, आणि त्याला थांबवणारं जवळ कोणी नव्हतं.

त्याचं संगीत इतकी वर्षं लोकांना का माहीत नव्हतं?

बहुतेक रचना हस्तलिखितांत राहिल्या. तीही कशी? एकाच वहीत एका तुकड्याची दोन-तीन रूपं, गतीची खूण नाही, कुठे शेवटच नाही. खुडबुडत बसून ती कोणी तरी लावायला हवी होती.

ते काम प्रामुख्याने व्हिताउतास लान्ड्सबर्गिस यांनी केलं. संगीतशास्त्राचे प्राध्यापक, दशकानुदशकं त्यांनी या वह्या वाचल्या, संपादित केल्या, रचनांना क्रमांक दिले, स्वतः पियानोवर वाजवल्या. मैफलीच्या पत्रिकेत रचनेपुढे ‘व्हीएल’ आणि आकडा दिसतो, ती त्यांच्या नावाची आद्याक्षरं. आणि हो, हे तेच लान्ड्सबर्गिस: ११ मार्च १९९० ला लिथुआनियाने सोव्हिएत संघातून स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा देशाच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष. गोर्बाचेव्हशी टक्कर घेणारा नेता मुळात प्रेल्यूडचा अभ्यासक होता. सोव्हिएत राजवटीच्या सुरुवातीच्या काळात चुर्ल्योनिसकडे ‘ऱ्हासवादी’ म्हणून संशयाने पाहिलं जाई, हे लक्षात घेतलं तर हा योगायोग वाटत नाही.

चित्रं आणि जागा पाहायच्या तर कुठे?

चित्रांसाठी काउनास. त्याच्या नावाचं राष्ट्रीय कला संग्रहालय १९२१ मध्ये तिथे स्थापन झालं, कारण विल्नियस तेव्हा पोलंडच्या ताब्यात होतं. त्यामुळे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चित्रं एका देशात आणि विल्नियसच्या रासोस दफनभूमीतली त्याची कबर दुसऱ्या देशात, असा प्रकार होता. चित्रं बरीचशी कागदावर, टेम्परा (पाण्यात मिसळून लावायचे रंग) आणि पेस्टलची (रंगीत खडू). उजेड सोसत नाही म्हणून दालनं अंधुक असतात आणि चित्रं परदेशी क्वचितच जातात. २०२२ मध्ये लंडनच्या डल्विच गॅलरीत मोठं प्रदर्शन भरलं होतं.

द्रुस्किनिन्काइला कुटुंबाची लाकडी घरं आहेत, तिथे उन्हाळ्यात पियानोच्या मैफली होतात. वारेना ते द्रुस्किनिन्काइ रस्त्यावर १९७५ मध्ये, जन्मशताब्दीला, कोरीव ओकचे खांब उभारले. वाहन असेल तर या वाटेनेच जावं.

कोणाचं वादन ऐकावं?

पियानोसाठी मूझा रुबाकिते, आणि चुर्ल्योनिसचा पणतू रोकास झुबोवास. रुबाकिते जास्त चमकदार, झुबोवास जास्त घरगुती. मला दुसरा जवळचा वाटतो. वाद्यवृंदाच्या रचनांसाठी युओझास दोमार्कास यांचं संचालन.

त्याच्यानंतर लिथुआनियात कोणाला ऐकावं?

ब्रोन्युस कुताविचुस, मग ओनुते नार्बुताइते, मग रामिन्ता शेर्क्श्निते. कुताविचुसपासून सुरुवात करा. लहानशी सुरावट धरून ठेवण्याची ती सवय तिथे पुन्हा भेटेल.

मी पियानो शिकतो आहे. त्याची एखादी रचना वाजवता येईल का?

नक्की. बरीच प्रेल्यूड मध्यम तयारीच्या हाताला जमतात. बोटांपेक्षा अडचण येते ती दोन हातांच्या वेगवेगळ्या लयी सांभाळण्याची, तेव्हा आधी प्रत्येक हात स्वतंत्र पक्का करावा. संगीतकार १९११ मध्ये वारल्यामुळे मूळ रचनांवर आता स्वामित्वहक्क नाही, पण संपादित आवृत्त्यांवर असू शकतो. शक्य तर दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात: हस्तलिखितं अर्धवट असल्यामुळे एकाच प्रेल्यूडमध्ये संपादकागणिक गती, खुणा आणि कधी कधी शेवटचे सुरही बदललेले सापडतात.